फोटोला कुलूप, भिंतीवर मडकं

केसांचे टोप करणाऱ्या काकूंच्या दुकानात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खुर्च्या, आरसा आणि तयार टोपांचे फोटो एकामागून एक दाखवणारी डिजिटल चौकट. आतल्या खोलीत लाकडी डोकी, जाळी, आकडीची सुई आणि दाराला दणकट कडी. एकतीस वर्षं गिऱ्हाईक आत आलं की काकू आधी कडी लावत, मगच मापाची फीत हातात घेत. वहीत कुणाचं नाव लिहीत नसत, नुसता आकडा.

यंदाच्या सुट्टीत आकडा आला अकराशे चार. उपचारांत केस गेलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई. शाळा उघडायला तीन आठवडे होते आणि बाईंना वर्गात नेहमीसारखं उभं राहायचं होतं. आजाराचं शाळेत कुणाला माहीत नव्हतं, कळू द्यायचंही नव्हतं. अशक्तपणामुळे दुकानात येणं जमेना, म्हणून काकूंनी मापासाठी डोक्याचा फोटो मागवला. केसांची जुनी कड काळ्या पेन्सिलीने आखायची आणि चेहरा वगळून वरून फोटो काढायचा.

"पाठवते," बाई फोनवर म्हणाल्या, "पण कशावरून? मधे कुणी बघत नाही ना?"

काकूंनी हा प्रश्न सुनेला विचारला. तिने भाजी निवडता निवडता मेसेज पाठवायच्या तीन ॲपांची झाडाझडती घेतली.

"हिरव्या ॲपात कसं असतं आई, मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. मधे कंपनीलाही वाचता येत नाही. मात्र कुणी कुणाला कधी पाठवला, ते कळतं."

"म्हणजे पाकीट बंद, पत्ता उघडा."

"अगदी. कागदी विमानवाल्यात साध्या गप्पा कंपनीच्या कपाटात राहतात, आणि किल्लीही कंपनीकडेच. गुप्त गप्पा वेगळ्या सुरू कराव्या लागतात. तिसरं सगळ्यांत चांगलं, ते पत्त्याचीही फारशी नोंद ठेवत नाही. पण ते असतं किती जणांकडे?"

"चांगलं म्हणून कुणी वापरायचंच नाही. तुझ्या सासऱ्यांच्या कोटासारखं."

हिरवंच ठरलं. सुनेने बॅकअपलाही वेगळा पासवर्ड घातला, बाईंनाही घालायला लावला. नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. "निर्धास्त पाठवा, आतल्या खोलीत बसल्यासारखं समजा," असं काकूंनी कळवलं आणि फोटो आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शाळेच्या कारकूनबाई आईचा टोप न्यायला आल्या. काकू टोपावरून शेवटचा कंगवा फिरवत होत्या, तेवढ्यात भिंतीवरच्या चौकटीतला फोटो बदलला. बाईंची टाळू, वहीएवढी मोठी, लख्ख.

चेहरा नव्हता खरा, पण डोकं कुणाचं, असं विचारलं तर काकूंच्या तोंडातून काय निघेल याचा नेम नव्हता. कारकूनबाईंनी चष्मा पुसला, परत लावला, उठून जवळ गेल्या.

"काकू, हे मडकं कुठून आणलंत?"

"कुठलं?"

"हे काय, काठाला काळी रेघ काढलेलं. आकार सुरेख आलाय हो."

सून आतून आली. तिने चौकटीचा प्लग काढता काढता सांगितलं, "मीच शिकतेय. अजून कच्चंच आहे."

"कच्चं कसलं! मला एक कराच. खिडकीत ठेवीन."

त्या गेल्यावर काकू खुर्चीत बसल्या त्या पाणी पिऊनच उठल्या. सुनेने फोन तपासला, तर हिरव्यावर आलेला प्रत्येक फोटो आपोआप फोनच्या गॅलरीत उतरत होता आणि चौकट गॅलरीतूनच फोटो उचलत होती.

"कुलूप शाबूत होतं आई," सून म्हणाली. "फोटो घरात आल्यावर आपणच तो भिंतीवर टांगला." तिने ते आपोआप उतरणं बंद केलं आणि चौकटीसाठी तयार टोपांचा वेगळा फोल्डर केला.

काकूंनी मात्र तेवढ्यावर भागवलं नाही. दाराला कडी लावून त्यांनी बाईंना फोन केला आणि घडलं ते सगळं सांगितलं, मडक्यासकट. पलीकडे हसू फुटलं, आणि थांबेना.

"सुरेख म्हणाल्या त्या?"

"काठासकट."

"चार महिन्यांत माझ्या डोक्याबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं, काकू. करा टोप. पण पुढचे फोटो आपोआप पुसले जातील असं ठेवू या."

शाळा उघडली त्या दुपारी बाईंचा मेसेज आला. "कुणाला शंकाही आली नाही. कारकूनबाई मधल्या सुट्टीत तुमच्या सुनेच्या मडक्याचं कौतुक करत होत्या. मीही त्यांच्याकडे एक मडकं सांगून ठेवलंय."

काकूंनी तो दोनदा वाचला. मग आत हाक मारली, "अगं, माती कुठे मिळते ते बघ आता."