डिंकमामांची शिफारस

पोरांना नोकरीला चिकटवायचा मामांना भारी नाद. म्हणून गल्लीने त्यांचं नाव डिंकमामा ठेवलं, आणि मामा त्याला पदवी समजत. स्वतः त्यांनी उभ्या जन्मात एकही मुलाखत दिली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना त्यांच्या काकांनी बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत. एवढ्या भांडवलावर ते आता तरुणांना मार्गदर्शन करत.

पद्धत ठरलेली. कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, पोराला घेऊन दुकानात जायचं, मालकासमोरच्या खुर्चीत आपण बसायचं आणि पोराला मागे उभं करायचं. बोलायचं मामांनी, मान हलवायची पोराने. काही ठिकाणी हे जमलंही होतं. म्हणजे मालक कंटाळून हो म्हणाले होते, पण हा तपशील मामा सहसा सांगत नसत.

भाचीच्या वेळी मात्र त्यांचा जीव खालीवर होत होता. बहिणीची एकुलती एक मुलगी. घरातली इस्त्री, शेजाऱ्यांचा पंखा, जे हाती लागेल ते उघडून पुन्हा जोडणारी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. ‘मुलगी बोलतच नाही’ म्हणून दोन दुकानदारांनी तिला परत पाठवलं होतं. आता चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर माणूस हवा होता, आणि हात बसला की मागच्या टेबलावर दुरुस्तीचं कामही शिकवणार होते.

“मामा, ही नोकरी मला हवीच आहे,” ती म्हणाली. तिच्या मानाने हे भाषणच होतं.

“तू काळजीच सोड,” मामा म्हणाले. काळजी खरी इथूनच सुरू व्हायला हवी होती.

दुकानाच्या मालकीणबाई पंख्याची पाती पुसत होत्या. मामा खुर्चीत बसले आणि सुरू झाले. भाचीचा स्वभाव झाला, तिचे कुशल हात झाले, आणि तिथून गाडी कचेरीवर घसरली. नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेल्या लोकांना आपण कसं गोड बोलून परत पाठवायचो, याची साग्रसंगीत कहाणी झाली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बंद पडलेला मिक्सर आदळत आलं, तर मामांनी बसल्या जागेवरून त्यालाही गुंडाळलं. मिक्सर ठेवून ते हसत हसत गेलं.

मालकीणबाईंनी चष्मा काढला. “अहो, मग तुम्हीच का येत नाही? मला अगदी असाच माणूस हवाय.”

इथे कोणत्याही शहाण्या माणसाने हात जोडले असते. मामांची छाती फुगली. काकांच्या ओळखीशिवाय कोणीतरी त्यांना नोकरी देत होतं, तेही निवृत्त झाल्यावर. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “विचार करून सांगतो.”

त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा भाची दुकानाच्या पायऱ्या उतरत होती.

घरी सगळं ऐकून मामींनी चहाचा कप त्यांच्यापुढे आदळला. “पोरीला चिकटवायला गेला होतात, की स्वतः चिकटायला?”

मामांनी कप बाजूला सारला. परोपकारी म्हणून मिरवणारा हा माणूस भाचीच्या तोंडचा घास पळवून आला होता, आणि वर त्याला गुदगुल्याही झाल्या होत्या. ते तडक बहिणीच्या घरी गेले.

“चुकलो गं,” ते भाचीला म्हणाले. “उद्या जाऊन त्यांना नाही म्हणतो. तुझ्याबद्दल परत नीट बोलतो.”

“मामा, तू येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. मामा गल्लीच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत राहिले. ती दिसताच त्यांनी तिला गाठलं.

“काय बोललीस?”

“फार काही नाही. म्हटलं, मामा येणार नाही, मी येते.”

“मग?”

“त्यांनी विचारलं, ते नेहमीच एवढं बोलतात का? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, आणि तू ऐकून घेतेस? म्हटलं, लहानपणापासून.” भाचीला हसू आवरेना. “तर म्हणाल्या, मग गिऱ्हाइकांची कटकट तुला काहीच नाही. उद्यापासून ये.”

मामांचे डोळे भरून आले. नोकरी शेवटी त्यांच्यामुळेच मिळाली होती, पण हे गल्लीत सांगत फिरण्यासारखं मुळीच नव्हतं.