गुरुवारच्या दातांच्या बाई

डॉ. हमीदा तांबोळी यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नव्हते. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते आणि लोणावळ्यातील त्यांच्या दवाखान्यात नोकरी विचारायला गेले होते. बाजारातल्या एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, बाहेर दोन बाकडी, दोन्ही भरलेली. आत बाई एका वयस्कर मावशींच्या तोंडावर वाकलेल्या होत्या. दारातून मी "नमस्कार, मी डॉक्टर प्राजक्ता..." एवढेच म्हणाले.

"हात धुवा, ग्लोव्हज घाला आणि मावशींची जीभ जरा बाजूला धरा," बाई म्हणाल्या.

दात निघाला. मावशींनी चूळ भरली. मग तोंडावरचा मास्क खाली ओढून बाईंनी विचारले, "हं, नाव काय म्हणालात?" नोकरीचे म्हणून वेगळे बोलणे झालेच नाही. त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली आणि मी अजून तिथेच आहे.

बाई मूळच्या लोणावळ्याच्याच. वडिलांचे पानाचे दुकान होते. "आब्बांनी गावाचे दात रंगवले, ते घासायला मला शिकवलं," असे त्या हसून सांगतात. पुण्यात शिक्षण झाल्यावर तिथेच थांबावे, असे पुष्कळांनी सुचवले होते. त्या परत आल्या. का आलात, असे मी एकदा विचारले, तेव्हा "इथं कोणी नव्हतं" इतकेच उत्तर मिळाले. आज लोणावळ्यात आणि तळेगावात दातांचे दवाखाने ठिकठिकाणी आहेत. तरीही बाईंच्या बाकड्यांवर जागा मिळत नाही, कारण पाट्या वाढल्या तरी त्या पाट्यांखालून आत जाण्याचे धाडस सगळ्यांना होत नाही.

दवाखान्याची पद्धत सुरुवातीपासून एकच आहे. शनिवार-रविवारी बंगलेवाले आणि सहलीला आलेले लोक येतात. कुणाची चिक्की खाताना दातावरची कॅप निघते, कुणाचा दात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर घसरून तुटतो. त्यांच्याकडून शहरातल्या दराने पैसे घ्यायचे आणि त्यावर आठवड्यातले इतर दिवस चालवायचे. मात्र रांग सगळ्यांना सारखी. एकदा मुंबईचे एक गृहस्थ मला आत्ताच घ्या म्हणून अडून बसले. त्यांच्या पुढे त्यांच्याच सोसायटीचा वॉचमन बसला होता. तो बिचारा उठू लागला, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. दाढ तुमची आधी दुखली." गृहस्थ थांबले. पुढे ते आमचे नेहमीचे पेशंट झाले.

खर्चाचे बोलणे बाई कधीही पहिल्यांदा काढत नाहीत. आधी तोंड पाहायचे आणि मग समोरच्याला पर्याय सांगायचे: दात वाचवला तर काय, काढला तर काय, आणि आज काहीच केले नाही तर काय होईल. तिसरा पर्याय त्या सर्वांत सविस्तर सांगतात, कारण बहुतेक लोक तोच निवडणार हे त्यांना ठाऊक असते. पूर्ण फुकट काम त्यांना आवडत नाही. "फुकट म्हटलं की माणूस दुसऱ्यांदा येत नाही, त्याला लाज वाटते," असे त्या म्हणतात. म्हणून कोणी जमेल तेवढे देतो, कोणी सुगीनंतर घरचा तांदूळ आणून ठेवतो. बाई तो घेतात आणि चव कशी होती, तेही पुढच्या भेटीत आवर्जून सांगतात.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की एक भली बाई आहे आणि तिच्यामुळे सगळे सुरळीत चालले आहे. तसे ते नाही, आणि या गौरवग्रंथात तसे लिहिलेले बाईंना चालणारही नाही. ज्यांच्याकडे विमा आहे, त्यांच्याही विम्यात दात बहुधा नसतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे विमा नसतोच. सरकारी योजनेचे कार्ड असते, पण मोठ्या आजारांची यादी दाखवून दातांच्या साध्या कामाला नाही म्हटले जाते. कंपनीत कंत्राटावर असणाऱ्यांचे कामगार विम्याचे कार्ड कंत्राटदार बदलला की बंद पडते. पुण्यातल्या दंत महाविद्यालयात उपचार स्वस्त होतात, पण एका दाढेसाठी चार-पाच खेपा घालायच्या, आणि प्रत्येक खेपेला रोज बुडतो. मग लोक मेडिकलमधून गोळी घेतात, लवंग धरतात, तंबाखू दाबतात. दुखणे थांबले की दात बरा झाला, असे समजतात. ही वाक्ये मी किती वर्षे, किती जणांपुढे बोलते आहे! आता बोलतानाही थकवा येतो.

सुलाबाईंची हकीकत सांगितल्याशिवाय मात्र बाईंविषयी काही सांगितले, असे होणार नाही.

त्या काळी बाई महिन्यातून एक गुरुवार टाकवे बुद्रुक या गावी जात. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडून तपासणी चाले. मी सोबत असे. एका गुरुवारी सुलाबाई आल्या. वय पन्नाशीचे, आपले शेत करून लोकांच्या बांधावरही मजुरीला जाणाऱ्या. सोबत मुलगा दत्ता, उर्स्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. खालची दाढ कित्येक महिने ठणकत होती. शहरातल्या एका दवाखान्यात रूट कॅनॉल आणि कॅपचा खर्च ऐकून दोघे परत आले होते. त्यानंतर नुसत्या गोळ्या.

"दोन दिस झालं, जेवान न्हाई," दत्ता सांगत होता. "पानी पन गिळंना. आमी कार्ड घेऊन गेलतो, तर म्हनले, कार्डात दात बसत न्हाई."

सुलाबाई काही बोलल्या, पण तोंडात घास असावा तसा आवाज येत होता. लाळ ओठाबाहेर गळत होती. हनुवटीखाली सूज होती आणि बाईंनी बोट लावले, तेव्हा ती दगडासारखी लागली. मी टॉर्च धरला. जीभ वर उचलली गेली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघींना कळले की दाढेतला पू मानेत उतरला आहे आणि श्वासाची वाट आवळत चालली आहे.

व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसे बसली होती. बाई त्यांना म्हणाल्या, "आज माफ करा. पुढच्या गुरुवारी येते." आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मी मागे बसते."

सुलाबाईंना आडवे होऊ द्यायचे नव्हते. वाटभर बाईंनी त्यांना पाठीमागून धरून ताठ बसवून ठेवले. दत्ता पुढे माझ्या शेजारी होता. तो एकदाच बोलला, "बाई, दाढंनं मानूस मरतं का वो?" बाईंनी खोटे सांगितले नाही. "मरू शकतं. म्हणून तर निघालो ना आपण," त्या म्हणाल्या.

योजनेचे कार्ड चालणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही पोहोचलो. काउंटरवरच्या तरुणाने विचारले, काय तक्रार? दत्ताने सांगितले, दाढ. तो तरुण अदबीने म्हणाला, "डेंटल ओपीडी संपली, उद्या सकाळी या. आणि दात योजनेत येत नाही." त्याची चूक नव्हती. त्याच्यापुढच्या पडद्यावर तसेच असणार. दत्ता मागे वळला. नाही ऐकून मागे वळायची त्याला सवय झाली होती.

बाईंनी त्याचा दंड धरला आणि त्या काउंटरवर वाकल्या. आवाज चढवला नाही.

"दात हा शब्द खोडा. मानेत पू आहे, श्वास अडतोय, असं लिहा. मी डॉक्टर आहे, माझं नाव लिहा. आणि तुमच्या सर्जनना आत्ता खाली बोलवा. त्यांनी पाहून परत पाठवलं तर मी जाईन."

सर्जन आले. त्यांनी सुलाबाईंची मान चाचपली आणि पुढचे काही न विचारता ट्रॉली मागवली. श्वासासाठी गळ्याला छेद द्यावा लागला, मानेतून पू काढावा लागला. तो सगळा खर्च योजनेत बसला. दाढ वेळेवर काढायला जे लागले असते ते कोणत्याही योजनेत बसत नव्हते, आणि तिने मरणाच्या दारात नेल्यावर मात्र सारे बसले.

सुलाबाई वाचतील, असे सर्जननी सांगितले, तेव्हा आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. दत्ता भिंतीकडे तोंड करून रडत होता. मला वाटले, बाईंना बरे वाटले असेल. त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली होती.

"एक दाढ, प्राजक्ता," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांचं काम. मागच्या महिन्यात मी टाकव्याला होते, तेव्हाही ती दुखत होती. भात लावणी चालू म्हणून सुलाबाई आल्या नाहीत, दत्ता सांगत होता."

"तुमचा काय दोष त्यात?"

"दोष नाही गं. राग यायला हवा, तोसुद्धा येत नाही. रागाला दम लागतो."

पुढच्या गुरुवारी त्या टाकव्याला गेल्या आणि त्याच्या पुढच्याही. महिन्याचा गुरुवार आठवड्याचा झाला, तो आजतागायत. त्यासाठी दवाखान्याचा एक दिवस गेला, मिळकत घटली, आणि मदतनीस म्हणून माझ्यावरही भार आला. बाईंनी दंत महाविद्यालयातल्या आपल्या जुन्या ओळखींना गळ घालून शिकाऊ डॉक्टर आणायला सुरुवात केली, म्हणजे गावातल्या माणसाला चार खेपा घालाव्या लागू नयेत. आजूबाजूच्या मेडिकलवाल्यांकडे त्या स्वतः जाऊन बसल्या आणि त्यांना विनवले: गोळी मागायला आलेल्याचे तोंड नीट उघडत नसेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर गोळी देऊ नका, मला फोन करा. काहींनी ऐकले. काहींनी चहा पाजून वाटेला लावले. त्यांच्याकडे बाई पुन्हा गेल्या.

सुलाबाई बऱ्या झाल्या. गळ्यावर व्रण राहिला. पदर तिथे ओढून घेणे त्यांनी लवकरच सोडून दिले. गुरुवारी त्या शेजारणींना घेऊन येतात. कोणी खर्चाची किंवा भीतीची सबब सांगू लागली की मान वर करून दाखवतात. "हे बघ. असं करून घ्यायचं हाय का तुला? चल गुमान. लय चांगल्या हायेत बाई, दुखू देत न्हाईत." आमच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे अधिक चालते.

तरीही उशिरा येणारे येतातच. मागच्या आठवड्यातही एक आले होते. हे मी लपवत नाही, कारण बाईंनी ते कधी लपवलेले नाही.

माझ्यावरचे त्यांचे वैयक्तिक ऋण शब्दांत मांडणे अवघड आहे. माझी मुलगी तान्ही होती तेव्हा मी अर्धवट झोपेत दवाखान्यात येई. एका दुपारी इंजेक्शन भरताना माझा हात थरथरला. बाईंनी सिरिंज काढून घेतली. रागावतील, असे वाटले. "थकलीस तर थकले म्हण," त्या म्हणाल्या. "थकलेल्या हातात हत्यार धरायचं नाही. पेशंटवर तो अन्याय आहे, आणि तुझ्यावरही." त्यानंतर कित्येक महिने माझे संध्याकाळचे पेशंट त्यांनी पाहिले. त्यांची मान तेव्हाही दुखत होती, पट्टा लावून त्या उभ्या राहत. स्वतः थकल्या आहेत, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. या एका बाबतीत त्यांनी दिलेली शिकवण त्या स्वतः पाळत नाहीत, एवढी तक्रार मी या निमित्ताने नोंदवून ठेवते.

या ग्रंथाची तयारी चालू असतानाची एक गोष्ट. जेवताना बाई एकाच बाजूने चावतात, हे माझ्या लक्षात आले. खूप आढेवेढे घेतल्यावर त्यांनी कबूल केले की डावीकडच्या दाढेला चीर गेली आहे आणि पाणी लागले की कळ येते. किती दिवस? "दिवस नको विचारू." बाहेर पेशंट आहेत, आधी ते होऊ देत, ही सबब तयार होतीच. मी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवले. "खर्च किती सांगता, डॉक्टर?" त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारले. "माझ्या विम्यात दात नाहीत हो." मी भुलीचे इंजेक्शन दिले आणि ती चढेपर्यंत थांबा, असे सांगून ट्रे लावायला वळले.

वळून पाहते तो बाई झोपल्या होत्या. दिव्याच्या झोतात, तोंड किंचित उघडे, हात मांडीवर. इतक्या वर्षांत त्यांना त्या खुर्चीत पडलेले मी कधी पाहिले नव्हते. मला उठवता येईना. मी दिवा बाजूला केला आणि बाहेर जाऊन बाकड्यांवरच्या लोकांना सांगितले की आज उशीर होईल, बाईंची दाढ करायची आहे आणि त्यांचा डोळा लागला आहे. शेतावरून आलेले लोक होते, कारखान्यातली पाळी सोडून आलेले होते. एक आबा गालाला रुमाल बांधून बसले होते.

"निजू दे त्यास्नी," आबा म्हणाले. "आमी हाय हितंच."

कोणी उठून गेले नाही.

बाईंची दाढ वाचली आहे आणि आता त्या दोन्ही बाजूंनी जेवतात. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि मानेचा पट्टा कपाटात पडून राहो. टाकव्याचा गुरुवार आम्ही सांभाळू. एखाद्या गुरुवारी घरीच राहायला, दुपारी पंखा लावून आडवे व्हायला त्यांचे मन त्यांना परवानगी देवो, हीच आम्हा सर्वांची प्रार्थना.