चार बोटांची जागा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत शिकवायला जाताना मी भिंगारला एसटीची वाट पाहायचो. थांब्यामागे एका म्हाताऱ्याचं खोगिरांचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो त्याला लाकडी घोडीवरच्या खोगिरात बसवायचा आणि आपली चार बोटं आडवी लावून बघायचा. इंग्लिश खोगीर असेल तर बसणाऱ्याच्या मागे, काउबॉयचं वेस्टर्न असेल तर पोटापुढे. तेवढी जागा उरली की बैठकीचं माप बरोबर.

पुढे घोडे कमी झाले, गिऱ्हाइकं आटली. मग एके सकाळी शिर्डीचा एक हॉटेलवाला वेस्टर्न खोगीर सांगायला आला.

"बसनार कोन?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"येईल तो. सिमेंटचा घोडा आहे, फोटोपुरता."

मलाच राग आला. म्हाताऱ्यानं मात्र खोगीर शिवून दिलं.

नंतर मी विचारलं, "बघून आलात का?"

"गेल्तो. बारकी पोरं बसत्यात, जाडी मानसं बसत्यात. एकालाबी नीट व्हत न्हाई, अन् कुनाचं काय अडतबी न्हाई." त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. "कुठं जायाचंच न्हाई, तर माप कशाला, मास्तर?"

त्यानंतर दुकान रोज उघडं असायचं, पण त्याच्या हातात सुई दिसली नाही. तो स्वतःच घोडीवरच्या खोगिरात बसलेला असे. पाठ ताठ, टाचा खाली, मागे बरोब्बर चार बोटं जागा. इतकं नीट बसलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. तोंड तेवढं भिंतीकडे होतं.