शेवटचं पान उलटायचं नाही

आमच्या बाईंची मान डावीकडे कललेली आहे. जन्मापासून नव्हे हं, पुस्तकांपायी. बालवाडीत पुस्तकाचं तोंड नेहमी मुलांकडे असतं. मग वाचणारीनं करायचं काय? मान वाकडी करून वरून डोकवायचं. इतकी वर्षं डोकावून डोकावून ती मान तशीच राहिली. घरातल्या फोटोंत सगळे सरळ आणि बाई तिरक्या. त्यांचे यजमान म्हणतात, "मी हिला उभा दिसतो की आडवा, देव जाणे!"

मी त्याच बालवाडीत मदतनीस आहे. झाडणं, लादी पुसणं, नाकं पुसणं, ओल्या चड्ड्या बदलणं, फाटक उघडणं, लावणं, सगळं माझ्याकडे. मुलं मला मावशी म्हणतात, मुलांच्या आया मावशी म्हणतात आणि माझ्याहून चांगल्या मोठ्या असून बाईही मावशीच म्हणतात. माझी जीभ जरा तिखट आहे, ते आधीच सांगून ठेवते. मागाहून नाकं मुरडू नका.

बाईंचं सगळं शिकवणं चित्रांच्या पुस्तकांतून. हात न धुणारा उंदीर पोट धरून लोळतो. आपला चेंडू कुणालाच न देणारं अस्वल शेवटी एकटंच बसतं. बाई म्हणतात, "उपदेश केला की पोरं जांभया देतात, अस्वल आणलं की कान टवकारतात."

"मग माझ्या नवऱ्यासाठी एखादं अस्वल द्या की," मी म्हटलं.

"कुठल्या खोडीसाठी?"

"जाऊ द्या. एका अस्वलात मावायचं नाही."

बाई हसल्या, पण खुर्चीतून उठल्या नाहीत. यंदा त्या फार बसूनच असायच्या. मुलांच्या मापाच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर उठबस करून गुडघे कामातून गेलेले. घरी यजमान ऑपरेशन होऊन पडलेले, त्यांचं खाणंपिणं, औषधं बघून सकाळी यायचं, इथे वीस-पंचवीस पोरं सांभाळायची, परत जाऊन पुन्हा तेच. यंदाचं वर्ष संपलं की निवृत्ती. "मावशी, मी नुसती झोपणार आहे," म्हणायच्या. "कुणी विचारलं काय करता, तर सांगायचं, झोपते."

तर नव्या मुलांसाठी बाईंचं एक खास पुस्तक होतं, बदकिणीचं. जाड पुठ्ठ्याची पानं, कोपरे कैक पोरांनी चावलेले, पाठीला चिकटपट्टीवर चिकटपट्टी. गोष्ट एवढीशी. आई तळ्यापलीकडे कामाला जाते. पिल्लू काठावर थांबतं. ऊन वर चढतं, ऊन उतरतं. शेवटच्या पानावर आई येते. बस्स. पण खरी गंमत बाईंच्या वाचण्यात होती. हे पुस्तक त्या सुटायच्या वेळीच काढायच्या. मी फाटकाशी उभी. आया जमल्या की मी किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा. तो वाजेपर्यंत बाई पिल्लाला काठावर बसवून ठेवायच्या, आणि वाजला की पान उलटून म्हणायच्या, "आई येते!" इकडे मी फाटक उघडायची. आया आत! पोरांना वाटायचं, पुस्तकानंच आई आणली. आठवड्याभरात रडारड बंद. खरं सांगते, मलाही ती जादू वाटायची, आणि किल्ल्या तर माझ्याच हातात होत्या.

यंदा मात्र ठकी आली. हे नाव माझंच. लाकडी ठकीसारखी बसायची ती. बसवलं तिथे, ठेवलं तशी. रडणं नाही, बोलणं नाही, डबा उघडणं नाही. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात, चादरी आणि रुग्णांचे कपडे धुवायला. तिथे पुढच्या पाळीची बाई आल्याशिवाय आधीचीला हलता येत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी शेवटचं पान उलटलं, सगळ्यांच्या आया आल्या आणि ठकीची नाही. पोरगी पुस्तकाकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मला सोसलं नाही. मी सरळ झाडू घेतला.

बाईंनी पुस्तक परत पहिल्या पानावर आणलं. म्हणाल्या, "ते त्यांचं पान होतं. तुझं पान वेगळं. ते आता यायचंय."

ठकी बालवाडीत पहिल्यांदा बोलली ती तेव्हा. "माझं कधी?"

झालं! तेव्हापासून रोज सगळे गेले की ठकीसाठी वेगळं वाचन. पुस्तक एवढंसं आणि उशीर भलामोठा, मग बाई पदरचं घालायच्या. तळ्यापलीकडे कपड्यांचा डोंगर होता. बदकिणीनं तो धुतला, पिळला, वाळत घातला. दुसरी बदकीण यायला हवी होती, ती आलीच नाही. पंख भिजून जड झाले. पायात काटा गेला. असं काहीबाही सांगायचं आणि दर वेळी शेवटी म्हणायचं, "पण बदकीण चालतच होती." नियम एकच होता. आई दिसल्याशिवाय शेवटचं पान उलटायचं नाही. ठकी आता डबा खायला लागली. एकदा तर तिनं मला सांगितलं की मी फरशी नीट पुसत नाही. घ्या!

पण मी काही संत नाही. घरी सासूबाई चहासाठी दाराकडे डोळे लावून बसलेल्या, आणि मी फाटकाशी किल्ल्या घेऊन ताटकळत. "काय हो बाई, या बदकिणीला काळवेळ काही आहे की नाही?" मी चिडून विचारायची. आई यायची ती धापा टाकत, धुलाईखान्याचा निळा कोट तसाच अंगावर, पोरीचं बोट धरून मान खाली घालून चालू पडायची. त्या माउलीला चार शब्द सुनवायचे म्हणून मी ओठाशी आणायची आणि गिळायची. बाई ऐकू येण्याच्या अंतरावर असायच्या ना!

एका संध्याकाळी बालवाडीचे चिटणीस आले. दिवा दिसला म्हणून आले म्हणे. बाई त्या बुटक्या खुर्चीवर, समोर ठकी आणि बदकीण. चिटणीस बाईंना व्हरांड्यात घेऊन आले आणि म्हणाले, "ही बालवाडी आहे, धर्मशाळा नव्हे. काही झालं तर उत्तर मी द्यायचं. आता एकदा जरी उशीर झाला तरी आईला तिथल्या तिथे सांगून टाका, उद्यापासून आणू नका."

बाई "बरं" म्हणाल्या. एवढंच. भांडायचं बळ कुठून आणणार?

मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. पण ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "पोरीचं नाव पटावरून गेलं तर तिची आई कामावर जाणार कशी हो? आणि पोरगी आत्ता कुठे बोलायला लागलीय. परत गप्प झाली तर?" मी म्हटलं, "जगाची काळजी तुम्हीच करा. आणि तुमची कोण करणार?" त्यावर बाईंनी नुसती मान हलवली, तिरकीच.

चिटणिसांचा निरोप बाईंनी आईला आडून आडून सांगितला असावा, कारण पुढचे काही दिवस ती पळत पळत का होईना, वेळेवर आली. मग तो दिवस उजाडला.

बाईंचा घसा सकाळपासूनच बसलेला. आदल्या रात्री यजमानांमुळे झोप नव्हती. उंदीर घोगरा, अस्वल घोगरं, पोरांना मजाच वाटली. सुटायची वेळ झाली, किल्ल्या वाजल्या, सगळे गेले. ठकी राहिली. बाईंनी पुस्तक पहिल्या पानावर आणलं. कपड्यांचा डोंगर झाला, काटा झाला, तरी आईचा पत्ता नाही. बाहेर ऊन उतरलं. बाईंचा आवाज तुटायला लागला. मागच्या मोरीतला नळ गळत होता म्हणून मी तो आवळायला गेले, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं.

बाईंच्या डोळ्यांवर जवळचा चष्मा. त्यातून लांबचं सगळं धूसर. खिडकीतून फाटकाकडे येणारा निळा कोट दिसला आणि थकलेल्या माणसाला जे व्हावंसं वाटतं तेच दिसतं. त्यांनी पान उलटलं. "आई येते!"

ठकी उठून पळाली. मी मोरीतून बाहेर येते तो काय, पोरगी फाटकाचे गज धरून उभी आणि ती निळ्या कोटातली बाई सरळ पुढे निघून चाललेली. त्याच धुलाईखान्यातली असणार, पण दुसरीच कुणीतरी.

ठकी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आत आली, टेबलाखाली शिरली आणि म्हणाली, "पान खोटं आहे."

बाई खाली बसल्या. त्या गुडघ्यांनी! एक हात जमिनीला, एक खुर्चीला, मग दोन्ही जमिनीला, आणि रांगत टेबलापाशी गेल्या. आवाज तर जवळजवळ गेलेलाच. "पान खोटं नाही गं," त्या कुजबुजल्या. "मी लवकर उलटलं. माझं चुकलं. आईचं नाही चुकलं."

बाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, ही बाई आता इथून उठायची नाही. कसलं शिकवणं आणि कसली पुस्तकं! जळो मेली ती बदकीण!

मग टेबलाखालून एक हात बाहेर आला. पंजा उघडा. मी त्यात पुस्तक ठेवलं.

ठकी बाहेर आली. खुर्ची ओढून आमच्यासमोर ठेवली, बसली, पुस्तकाचं तोंड आमच्याकडे केलं, आणि मान डावीकडे वाकडी केली. वाचायचं म्हणजे मान अशीच करायची असते, असं तिला वाटत असणार. एरवी मी हसून हसून पडले असते.

"आई जाते," ती म्हणाली. "पिल्लू काठावर थांबतं."

ऊन वर चढलं, ऊन उतरलं. आणि तेवढ्यात आई दारात. खरी. फाटक नुसतं लोटलेलं होतं, कुलूप मी लावलंच नव्हतं. केस विस्कटलेले, हात पाण्यानं पांढरे पडून सुरकुतलेले, छाती भात्यासारखी वरखाली. तोंडावर स्पष्ट दिसत होतं की आज आपली कंबख्ती आहे. "बाई, माफ करा, ती पुढच्या पाळीची..."

"थांब!" ठकी म्हणाली. "अजून पान आलं नाही."

आई उंबरठ्यावरच थांबली.

"तिकडे कपड्यांचा डोंगर होता," ठकी वाचू लागली. "बदकिणीनं सगळा धुतला. मग दुसरी बदकीण आलीच नाही. मग हिला सोडेचनात. मग पंख जड झाले. मग पायात काटा गेला. ती बसली नाही. रडली पण नाही. बदकीण चालतच होती. आणि पिल्लाला माहीत होतं."

आईनं तोंडावर हात दाबला. माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, "हे हिला कुणी सांगितलं?"

मी हनुवटीनं बाईंकडे दाखवलं. भिंतीला टेकलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला, पायांतल्या चपला सुटलेल्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली. महिनोन् महिने ती मान खाली घालून जात होती. आपल्या पाठीमागे इथे रोज काय सांगितलं जातं, ते तिला आज कळत होतं.

ठकीनं सावकाश पान उलटलं. पुस्तकावरून आईकडे बघून, पक्की खात्री करून घेतली. "आई येते," ती म्हणाली. "ये आता."

मग मायलेकींचं जे व्हायचं ते झालं. मी खिडक्या लावून घेतल्या.

डोळे पुसून आईनं मला विचारलं, "बाईंना काही बोलायचं होतं का? त्या दिवशी म्हणत होत्या, परत उशीर झाला तर बोलावं लागेल."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी गळ्याला हात लावला, आवाज नाही अशी खूण केली आणि बोट माझ्याकडे केलं. तुम्हीच सांगा. चिटणिसांचा निरोप माझ्या गळ्यात. किती दिवसांपासून माझी वाक्यं तयार होती! वर मीठमसाला लावून, घोळवून ठेवलेली. मी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"उद्यापासून तिच्यासोबत स्वेटर देत जा," मी म्हटलं. "संध्याकाळी इथे गार पडतं."