रुमण्यावरचा खळगा

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून तर माझी चोरून खाल्लेली जिलबीसुद्धा लपत नाही.

नळदुर्गला माझं सुऱ्या बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. एकदा सास्तूरहून माझ्या मामी फडक्यात लाकूड बांधून घेऊन आल्या. मामांच्या नांगराचं रुमणं – नांगरताना हातात धरतात ते. मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाची भाजी मामींना त्याच लाकडाच्या मुठीच्या सुरीनं चिरायची होती.

लाकूड वाळवीनं पोखरलेलं, दाबलं की भुसा. पण मामांच्या अंगठ्यानं झिजून पडलेला खळगा शाबूत होता. काय सांगू – तो पाहिला आणि नांगरामागचे मामा दिसले, बैलांना लाडानं शिव्या देणारे. फार आठवण आली.

"लई मऊ पडलंय रं. हुईल का?"

"दगडावानी करून देतो, मामी. तुम्ही बघाच."

होतंही तसं. लाकूड भट्टीत पूर्ण सुकवायचं, पातळ रेझिनमध्ये – तापवलं की दगडासारखं घट्ट होणाऱ्या रसायनात – बुडवायचं, पंपानं आतली हवा ओढायची, रेझिन मुरलं की पुन्हा भाजायचं. सुकायला चार दिवस हवेत. मी किती दिले? दीड. भट्टी एकच – आणि एका ढाब्याच्या सुऱ्यांची घाई. आत ओल राहिली. भाजताना रेझिन फसफसून बाहेर आलं आणि रुमण्याचे तुकडे झाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? मी काय केलं – तुकडे जाळून टाकले. तसल्याच दिसणाऱ्या जुन्या बाभळीच्या लाकडाची मूठ बसवली. वर कानशीनं खळगाही पाडला. माप कुठून आणणार? माझ्याच अंगठ्याचं घेतलं.

तीन वर्षं झाली. त्या सुरीला मामी कुणाला हात लावू देत नाहीत. परवा गेलो, तेव्हा कांदा चिरत होत्या. आपणहून सुरी माझ्या हातात दिली.

"धर की. हितं त्यांचा अंगठा असायचा."

मी धरली.

"अगं बाई, कसा नेमका बसला बघ! मामावरच गेलायस, लेकरा." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मी "व्हय" म्हणालो. उरलेला कांदा चिरून दिला.