चादरीचं दुसरं टोक

आई सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकतीस वर्षं होती. तिथे रोज चारशे चादरींच्या घड्या घालायच्या, त्याही जोडीने. समोरासमोर उभं राहायचं, कोपरे पकडायचे, ताणायचं, मग चालत जवळ जाऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. निवृत्त झाल्यावर एका कार्यालयात अंगठ्याच्या मशीनने तिला ओळखायला नकार दिला, कारण सोडा-साबणाने बोटांवरच्या रेघा पार गेल्या होत्या. "जन्मभर दुनियेची घाण काढली, आणि हे डबडं विचारतंय तू कोण!" ती कारकुनाला म्हणाली. कारकून उठून उभाच राहिला.

घरातही तोच कायदा. एकट्याने चादरीची घडी घालायची नाही. धाकटा भाऊ आणि मी भांडलो की आई ओली चादर आमच्या हातात कोंबायची. "ओढू नका, ताणा." एकाने रागाने हिसका दिला की दुसरा तोंडावर पडायचा. भाऊ हटकून चुकीचा कोपरा धरायचा. आई ओरडायची, "डावा, गाढवा, डावा!"

पुढे आम्ही जे भांडलो ते चादरीने मिटण्यातलं नव्हतं. बाबा आजारी असताना भाऊ चारचौघांत म्हणाला, "ताई काय, पाहुण्यासारखी येते." नोकरी सांभाळून रोज दोन बस बदलून येत होते मी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून सहा वर्षं आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही.

बाबा गेल्यावर आई तिच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. सोमवार ते बुधवार भाऊ जायचा, गुरुवार ते शनिवार मी. रविवारी ती म्हणायची, "आज दोघंही नकोत, डोकं शांत राहू दे." औषधाचा निरोपही तिच्यामार्फत. "मी पोस्टमन आहे का?" म्हणून चिडायची आणि तरी पोचवायची. माझ्या मुलीवर, म्हणजे छोकरीवर, तिचा फार जीव. घड्या घालायला तीच आजीची जोडीदार.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी आई त्याच हॉस्पिटलात दाखल झाली. पहिल्या दिवशी नर्सला चादरीचे कोपरे खोचायला शिकवलं, दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माझ्या खोल्या आवराल तेव्हा चादरींच्या घड्या एकटीने घालू नकोस हं."

"छोकरीला घेईन सोबत," मी म्हणाले.

तिने भिंतीकडे तोंड केलं. तिला काय म्हणायचंय ते मला चांगलं कळत होतं. मी वेड पांघरलं. याचं मला आजही वाईट वाटतं. चौथ्या दिवशी ती गेली.

खोल्या रिकाम्या करायला मी सकाळीच पोचले. सगळ्या चादरी धुऊन वाळत घातल्या. भाऊ आला, मान खाली घालून भांडी खोक्यात भरायला लागला. दुपार झाली तरी छोकरीचा पत्ता नाही. मी फोन लावला.

"कुठे उलथलीस?"

"मी येणार नाहीये, आई. आजीनं मला शपथ घातलीय. चादरींच्या दिवशी मी तिथे फिरकायचंसुद्धा नाही."

मी फोन ठेवला आणि हट्टाने एकटीच घडी घालायला लागले. एक टोक हनुवटीखाली धरलं तर दुसरं फरशीवर लोळायला लागलं. डोळ्यांना धार लागली होती, त्यामुळे काही दिसेना. तेवढ्यात चादर हलकी झाली. भावाने समोरून टोक उचललं होतं. अर्थातच चुकीचं.

"डावा, गाढवा," माझ्या तोंडून गेलं.

त्याने कोपरा बदलला. आम्ही ताणली, जवळ गेलो, मी माझे कोपरे त्याच्या हातात दिले. त्याने माझे हात सोडलेच नाहीत. "ताई, बाबांच्या वेळी मी जे बोललो..."

"कळलं. चादर खाली लागेल, नीट धर."

एकूण अकरा चादरी होत्या. संध्याकाळपर्यंत पुरवल्या.