कानामागची जट

लेकीचं लग्न झालं आणि सकाळी साडेसहाला माझे हात रिकामे झाले. नवरा आधीच गेलेला, मूल एवढं एकच. तिचे केस कमरेखाली, आणि कॉलेजात जायला लागली तरी वेणी माझ्याच हातची लागायची. ती मुरबाडला सासरी गेली. मी इकडे शेणवे गावातल्या घरात सवयीने फणी घेऊन उंबऱ्यावर बसायची, आणि मग आठवायचं.

मागे ठेवून गेली ती एक पिल्लू. शहापूरच्या एका दुकानदाराच्या पामेरियन कुत्रीने गल्लीतल्या कुणाशी तरी संसार थाटला, त्याचं हे फळ. पांढरा केसांचा नुसता झुबका. तोंड कुठे नि शेपूट कुठे हे भुंकल्यावर कळायचं. सासरी कुत्रं चालणार नव्हतं. निघताना ती माझ्यापेक्षा त्यालाच जास्त बिलगून रडली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

"याचे केस माझ्यासारखे ठेव गो आई. नागपंचमीला येन तवा बगेन," असं सांगून गेली.

मी ते अगदी शब्दाला धरून केलं. दुसऱ्याच दिवशी त्याला गुडघ्यांत धरलं, टाळूवर खोबरेल तेल थापलं आणि विंचरायला बसले. लांब केसांच्या कुत्र्याला असं तेल लावायचं नसतं, हे मला कोण सांगणार? आमच्याकडे कुत्रं म्हणजे दारात पडलेलं, भाकरीचा तुकडा टाकला की झालं. शेजारच्यांना तर माझा तमाशाच झाला. "बाय, आता रिबिनपन बांध," असं येता-जाता ऐकवायचे. मी रिबिनही बांधली. लेकीचीच होती.

तेलावर अंगणातली माती बसली, मग पाऊस लागला आणि चिखल आला. केसांच्या गाठी व्हायला लागल्या. बाकीच्या मी बोटांनी सोडवल्या, पण उजव्या कानामागची एक सुटेना. ती रोज घट्ट होत गेली. कात्री घेऊन बसले तेव्हा नेमकी शेजारची म्हातारी काकू पडवीत आली. तिने पाहिलं आणि माझा हातच धरला.

"कापू नको. जट हाय ती. देवीची असते."

मी अंगणवाडीची बाई. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, दुसरं काही नाही, हे मीच गावातल्या बायांना दहादा सांगितलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. कात्री मी खाली ठेवली. देवीची भीती थोडी होतीच, माझी सासू जटेसकट गेली होती. पण खरं कारण वेगळं होतं. कापलं असतं तर कानामागे बोडकं दिसलं असतं, आणि मला लेकीला दाखवायचं होतं की तिच्यामागे घरात सगळं जसंच्या तसं आहे. मग मी त्या जटेला हळदकुंकू लावलं. हसा खुशाल.

पंधरा दिवसांत पिल्लू माझ्याजवळ येईनासं झालं. फणी दिसली की खाटेखाली. आपणहून माझ्याकडे येणारा त्या घरात तेवढाच एक जीव होता. एके दिवशी दूध पुढे केलं तरी ते खाटेखालून नुसतं बघत राहिलं, तेव्हा मात्र मला रडू आलं. ओढून बाहेर काढलं तर कानामागून वास येत होता. शिवणाची कात्री घेतली, देवीची माफी मागितली आणि जट मुळापासून कापली. आत लालभडक कातडी आणि दोन टम्म फुगलेले गोचीड. देवी कसली! गोचीड काढले, जखम धुतली, हळद लावली. ते कण्हत कण्हत माझ्या मांडीवर झोपून गेलं.

भातलावणी उरकली आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी लेक आली. पिल्लू धावत गेलं, कानामागे अजून टक्कलच होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"गुता झालता. सुटंना, म्हनून कापला," मी म्हणाले. "आधीच कापाय पायजे व्हता."

तिने त्याच्या कानामागून हळूच बोट फिरवलं. मग डोक्यावरचा पदर खाली घेतला. केस मानेपर्यंत कापलेले, एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त.

"माझ्या केसांचापन झालता," ती म्हणाली. "मीच कापले. तिथं इंचराला कोन हाय?"

मी आत जाऊन फणी आणली. ती येऊन माझ्या गुडघ्यांत बसली. वेणी घालण्याइतके केस उरले नव्हते, तरी मी बराच वेळ विंचरत राहिले.